रिकामी थाप

१

रूपाच्या उजव्या हाताचं मधलं बोट गेली सहा वर्षं तिचं स्वतःचं राहिलं नव्हतं. ते गुड्डीचं होतं. लग्नानंतर आठ वर्षांनी, दोनदा पदरात पडता पडता राहून गेल्यावर ही पोर झाली, आणि झाली ती अशी चिकट की विचारू नका. झोपताना बोट, रस्ता ओलांडताना बोट, टीव्ही पाहताना बोट. आई बाथरूममध्ये गेली तर दाराखालच्या फटीतून हात आत घालून ही म्हणणार, "आई, बोट दे."

रूपा भंडाऱ्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. दिवसभर परक्या लोकांची बोटं धरायची आणि घरी आली की तिचं बोट धरायला ही दारात उभी. शेजारची चंदा म्हणायची, शाळेत जायला लागली आता, सवय मोड. रूपा हो म्हणायची आणि मोडायची मात्र नाही. कधी फारच वैतागली तर म्हणायची, एकदाचं सुटू दे बाई माझं बोट. म्हणून झालं की लगेच जीभ चावायची. खरं सांगायचं तर त्या बोटाशिवाय तिलाच झोप लागत नव्हती, पण हे कबूल कोण करणार?

नवरा मनिष जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत. सहा दिवस फॅक्टरीची बस, सातव्या दिवशी गाडी काढून कुठंतरी जायचं, असा त्याचा शिरस्ता. जानेवारीतल्या एका रविवारी त्यानं मोबाइलवर शोधून काढलं ते ठिकाण मोहाडीच्या रस्त्यावर होतं. डावीकडं फुटायचं, कापलेल्या धानाच्या बांध्यांमधून दोन किलोमीटर आत जायचं. फाट्यावर रंगवलेली पाटी होती: दीडशे वर्षांचा चालता कुंभारवाडा, पाहा, शिका, घडवा.

"चला, आज मडकी घडवू," मनिष म्हणाला. गुड्डीनं मागच्या सीटवरून हात पुढं केला आणि आईचं बोट पकडलं.

२

कुंभारवाडा म्हणजे एक लांबच लांब कवेलूचं घर. पहिल्या खोलीत चाक, दुसरीत वाळत ठेवलेली मडकी, मागं अंगणात भाजायचा आवा आणि त्याला लागून तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग. नागपूरचं एक कुटुंब आधीच येऊन फोटो काढत होतं. आत पाऊल टाकलं की थंडावा लागायचा आणि भिंतींमधून एकसारखा आवाज यायचा, टप्, टप्, टप्. ऐकताना गुंगी यावी असा होता तो.

कारखान्याचे मालक कृष्णराव. सत्तरी ओलांडलेले, बोलणं कमी, पण आलेल्या माणसाला नीट समजावून सांगायचे. चाकावर निघतं ते मडकं जाड असतं, हे त्यांनी दाखवलं. मग ते अर्धवट वाळवायचं, आत हात घालून दगडाचा गुळगुळीत गोळा धरायचा आणि बाहेरून बरोबर त्याच जागी लाकडी थापी मारायची. आतला हात फिरत जातो, बाहेरची थापी त्याच्या मागं मागं जाते, आणि मडकं पातळ होत होत फुगत जातं. आत ज्याचा हात असेल त्याच्या बोटांचे ठसे आतल्या बाजूला राहतात ते कायमचे.

आलेल्या लोकांना आतला गोळा धरू द्यायचे, हीच तिथली मजा. मोठ्यांचे हात काही केल्या मडक्याच्या तोंडातून जात नव्हते, म्हणून पोरांची चंगळ. गुड्डीचा नंबर लागला. आईचं बोट सोडून तिनं हात मडक्यात घातला, कोपराच्या जरा अलीकडंपर्यंत, आणि गोळा पकडून दात काढले. कृष्णराव हलक्या हातानं थापत गेले. आतल्या आत गुड्डीला गुदगुल्या होत होत्या. रूपा मोबाइल धरून व्हिडिओ काढत होती.

"आता काढ बेटा हात," कृष्णराव म्हणाले. मग रूपाकडं बघून सांगितलं, "शेवटची थाप रिकाम्या मडक्यावर मारतो आमी. आत कोणी पाह्यजे नाही."

मनिषनं हसत विचारलं, काहून बा? कृष्णराव म्हणाले की बापानं सांगितलं नाही आणि आपण कधी विचारलं नाही.

गुड्डीनं हात काढला. कृष्णरावांनी थापी उचलली. आणि तेवढ्यात रूपाच्या लक्षात आलं की आपण बटण दाबलंच नव्हतं, व्हिडिओ निघालाच नाही. तिनं आता बटण दाबलं. "काका, एक मिनिट," ती म्हणाली, "गुड्डे, घाल बरं परत हात." पोर आज्ञाधारक. हात आत गेला, आणि उचललेली थापी थांबली नाही.

टप्.

एवढंच. काही झालं नाही. गुड्डीला लागलं नाही, मडकं तडकलं नाही. कृष्णराव मात्र थापी तशीच धरून मडक्याकडं पाहत बसले. मग त्यांनी गुड्डीला हात काढायला सांगितलं, पंचानं तो पुसला, आणि तुमचा फोन नंबर द्या म्हणाले. ते मडकं इतर मडक्यांसोबत उन्हात ठेवायचं सोडून स्वतः उचलून मागच्या खोलीत घेऊन गेले. म्हातारा माणूस, असतो एखाद्याचा स्वभाव, असं म्हणून रूपानं ते सोडून दिलं.

३

गाडीत बसल्यावर गुड्डीनं हात पुढं केला नाही. दमली असेल. घरी आल्यावर वरणभात जेवली, स्वतः चूळ भरली, आणि दुपारची झोप यायला लागली तशी उशी घेऊन एकटी जाऊन आडवी झाली. रूपा शेजारी गेली, बोट तिच्या हाताला लावलं. गुड्डीनं डोळे उघडले. "काय आई?" म्हणाली, आणि कूस बदलली.

दोन दिवस गेले, चार गेले. पोरगी कॉलनीतला रस्ता दोन्हीकडं पाहून एकटी ओलांडायला लागली. शाळेच्या बसमध्ये रडायची थांबली. सगळे म्हणाले, शहाणी झाली. चंदानं तर रूपाचं अभिनंदन केलं की मोडली बाई एकदाची सवय. मनिष खूश होता. रूपाही खूश असायला हवी होती, नाही का? पण तिच्या मनात पाल चुकचुकायला लागली होती. रात्री पोर शेजारी झोपलेली असली की ती आपलं मधलं बोट दुसऱ्या हातात धरून बसायची.

चौथ्या दिवशी रात्री तिनं तो व्हिडिओ लावला. सगळा अकरा सेकंदांचा. थाप पडते. गुड्डीचा हात बाहेर येतो. कृष्णराव तो पंचानं पुसतात, थापी खाली मातीत पडलेली स्पष्ट दिसते. चौकटीत त्या दोघांचेच हात आहेत आणि कोणाच्याच हातात थापी नाही. मग कोपऱ्यात दिसणाऱ्या त्याच मडक्यातून आवाज येतो, टप्. थोडं थांबून पुन्हा, टप्.

शेजारच्या खोलीत दुसरं कोणी थापत असणार. नाहीतर कवेलूचं छप्पर, घुमला असेल आवाज. रूपानं तो तीनदा ऐकला आणि चौथ्यांदा मोबाइल बंद करून ठेवला.

४

मुलांची आधारची बोटं पाच वर्षांनंतर नव्यानं द्यावी लागतात. शाळेतच शिबिर होतं, म्हणून रूपा अर्धा दिवस सुट्टी टाकून गेली. कार्डावर गुड्डीचं नाव अपेक्षा. ऑपरेटरनं डाव्या हाताची चार बोटं काचेवर ठेवायला लावली, हिरवा दिवा लागला. उजव्या हाताला लाल. त्यानं काच पुसली, बोटं पुसली, पुन्हा लाल. शेतात राबणाऱ्या बायांचं असंच होतं, तो म्हणाला, रेषा घासून जातात. पण सहा वर्षांच्या पोरीचं?

रूपानं गुड्डीचा हात उजेडात धरून पाहिला. हजारो बोटं पाहिलेली बाई ती. गुड्डीच्या उजव्या हाताच्या पाचही बोटांची टोकं सपाट होती, चिंचोक्यावरून हात फिरवावा तशी गुळगुळीत. एक रेषा नव्हती.

"आई, सोड ना," गुड्डी म्हणाली, "दुसऱ्या पोरींचा नंबर आहे."

रूपानं सोडला. घरी जाताना तिनं स्वतःला समजावलं की थंडीचे दिवस आहेत, साबण बदलला आहे, त्वचारोगाच्या डॉक्टरला दाखवू. डॉक्टरनं मलम दिलं आणि येईल परत म्हणून सांगितलं.

५

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती पोरीला लॅबमध्ये घेऊन गेली. सुई दिसली की गुड्डी लॅब डोक्यावर घ्यायची. मागच्या वर्षी तिला धरायला मनिष आणि लॅबमधला विनोद असे दोघं लागले होते. आज तिनं स्वतःहून बोट पुढं केलं. रूपानं टोचलं. रक्त आलं, चांगलं लालभडक आलं. गुड्डी आपल्या बोटाकडं पाहत राहिली, जसं दुसऱ्याच कोणाचं बोट टेबलावर ठेवलं आहे.

"दुखलं का गं?"

"नाही."

"भीती?"

गुड्डीनं जरा विचार केला. मग शाळेत उत्तर द्यावं तसं म्हणाली, "आता नाही वाटत."

रिपोर्ट सगळा नॉर्मल. रूपानं स्वतः दोनदा तपासला. काही कमी असतं, काही जास्त असतं, तर तिला बरं वाटलं असतं हो. औषध असतं त्याला. समोर तिची पोर होती, तेच डोळे, तीच पुढच्या दातांतली फट, डबा खाल्ला का विचारलं तर खाल्ला सांगणारी. आणि रूपाला अगदी आतून कळत होतं की हिला मी नसले तरी चालेल. असं आपल्या पोटच्या पोरीबद्दल वाटावं, या लाजेनं ती लॅबच्या मोरीत जाऊन रडली.

संध्याकाळी फोन आला. बाईचा आवाज होता. कृष्णरावांची घरवाली चंद्रभागाबाई बोलते म्हणाली. पोरगी बरी आहे का, एवढंच आधी विचारलं. मग म्हणाली, "सवड काढून या बाई. वाट पाहून राहिलं."

कोण वाट पाहतं, हे विचारायच्या आत फोन ठेवला होता.

६

मनिषला तिनं सांगितलं की गुड्डीचं मडकं आणायचं आहे. तो रविवारी बिनतक्रार निघाला. कुंभारवाड्यात दुपारचं ऊन कवेलूंमधून खाली उतरलं होतं, पाचसहा गाड्या उभ्या होत्या, एक मास्तर शाळेची पोरं रांगेत उभी करत होता. मनिष आणि गुड्डी चाक पाहायला थांबले. चंद्रभागाबाईनं रूपाला हातानं खूण केली आणि मागच्या खोलीत नेलं.

खोली लांबट आणि अंधारी होती, भिंतींना ओल. एका बाजूला मातीचा कट्टा आणि कट्ट्यावर ओळीनं मडकी, प्रत्येकावर भिजवलेलं पोतं. बाई तांब्यानं त्यांच्यावर पाणी शिंपडत पुढं गेली. रूपानं विचारलं, ही भाजत का नाही? बाई म्हणाली, भाजू कशी? आणि वाळूही द्यायची नाही. तिच्या सासूनं तसंच केलं होतं, ती तसंच करते.

शेवटच्या मडक्यावरचं पोतं तिनं बाजूला केलं. "घाला हात. तुमचा जाईल, बारीक आहे."

रूपाचं डोकं सांगत होतं की जाऊ नको, ही म्हाताऱ्या माणसांची काहीतरी समजूत आहे, तू शिकलेली बाई आहेस. हात तिचा आधीच आत गेला होता. आत थंड, ओली माती. बाजूला ठसे लागले, लहान लहान, एकाखाली एक. तिनं बोट त्यांच्यावरून फिरवलं. मग तळाशी दगडाचा गोळा लागला. गोळ्यावर काहीतरी होतं. ते गोळ्यावरून उठलं, तिच्या बोटांवरून चाचपत आलं, पहिलं बोट सोडलं, आणि मधलं बोट शोधून घट्ट पकडलं.

उबदार होतं ते. तळवा घामेजला होता. बोटांच्या टोकांना रेषा होत्या, तिला एक एक रेष कळत होती.

तिनं वाकून आत पाहायचा प्रयत्न केला. मनगटानं मडक्याचं तोंड भरलं होतं, त्यामुळं कडेच्या फटीतून फक्त अंधार दिसला, आणि अंधारात जरासं काही पांढरं, नखाएवढं. ती परत वाकली नाही.

७

"पयल्यांदा असंच होते," मागून कोणीतरी म्हणालं.

कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस स्टुलावर बसलेला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर डब्याची पिशवी, आणि एक वाळका हात मनगटापर्यंत मडक्यात. भोजराज नाव सांगितलं त्यानं. चिखल्याच्या मँगनीज खाणीत होता, आता रिटायर झाला. दर रविवारी दोन बस बदलून येतो. बोलत असताना त्याचा आतला हात हळूहळू हलत होता, पोराला थोपटावं तसा.

"तुमची कितीची?" त्यानं विचारलं.

"सहा."

"माही पन सहाचीच होती. भाचीच्या लग्नाची मडकी न्याले आलो होतो, म्हने बाबा मी पन हात घालतो. एकतीस वर्षं झाली."

रूपानं मनात बेरीज केली, सदतीस. मग तिनं विचारलं, तुमची मुलगी आता कुठं आहे?

"तुमसरले दिली. मास्तरीन आहे. दोन लेकरं आहेत, जावई सोन्यासारखा. सनाले येते, पाया पडते, जाते." त्यानं मडक्याकडं पाहिलं. "काही वाईट नाही तिचं, देवाशपथ. फक्त हे मोठी नाही झाली."

रूपानं चंद्रभागाबाईकडं पाहिलं. मडकं घरी नेलं तर? बाईनं मान हलवली. गाडीत हादरा बसतो, आणि गुरू नावाचा एक जण घेऊन गेला होता त्याला रस्त्यातच उतरून परत यावं लागलं. का, ते सांगितलं नाही.

"अन् फोडलं तर?"

बाई पाणी शिंपडायची थांबली. भोजराजनं मान खाली घातली.

"एकानं फोडलं होतं," बाई म्हणाली. तिनं ओळीतल्या एका रिकाम्या जागेवरून उगीच हात फिरवला आणि पुढच्या पोत्याला लागली. त्या पोत्याखालच्या मडक्याला आता कोणी येत नाही, ती सांगत होती, त्याची माणसं मरून गेली. सकाळी पाणी घालताना तीच थोडा वेळ हात देते. पण आतलं लेकरू ओळखते हो, म्हणाली. आपला हात नाही हे ओळखते, आणि तरी धरते.

दाराशी सावली पडली. गुड्डी उभी होती, मागं मनिष. त्याच्या हातात चाकावरचं एक नवं बोळकं होतं, विकत घेतलेलं.

"झालं का तुझं?" तो म्हणाला. अंधारात त्याला रूपा नुसती मडक्यावर वाकलेली दिसत असणार. "मिळालं का? चल, उशीर होऊन राहिला."

"आई, चल ना," गुड्डी म्हणाली. तिनं आतल्या ओळीकडं एकदा पाहिलं, दुकानातल्या बरण्यांकडं पाहावं तसं, आणि मग बाहेर ऊन होतं तिकडं पाहायला लागली. "मले भूक लागली."

रूपानं बोट ओढून पाहिलं. आतली मूठ सुटली नाही. तिनं जरा जोर लावला तशी दुसरी चार बोटंही येऊन बिलगली, आणि कुठून तरी एक बारीक हुंदका आल्यासारखा वाटला, की तो तिचाच होता, कोण जाणे. भोजराज हळू आवाजात सांगत होता की एक एक बोट सोडवायचं, घाई करायची नाही, सवय होते. कोणाला होते सवय, हे तिनं विचारलं नाही. समोर उभ्या असलेल्या पोरीला जेवायला घालायचं होतं, शाळेत पाठवायचं होतं, मोठी करायची होती, आणि तिचं काय चुकलं होतं? काहीच नाही. चुकलं होतं ते रूपाचं. अकरा सेकंदांसाठी.

"तुमी व्हा पुढं," ती मनिषला म्हणाली. "हिले घरी ने. जेवू घाल. मी बसनं येते."

मनिषनं दोन प्रश्न विचारले, तिनं काहीतरी उत्तरं दिली. गुड्डीला तिनं म्हटलं, येते मी बेटा. गुड्डी बरं म्हणाली आणि बापाच्या पुढं चालत गेली. एकदाही वळून पाहिलं नाही.

मग फाटकापाशी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. तो आवाज आतही पोचला असावा, कारण मूठ इतकी घट्ट झाली की रूपाच्या बोटाला रग लागली.

"आहे मी," ती मडक्याच्या तोंडाशी वाकून म्हणाली. "इथंच आहे मी, गुड्डे."

"पाच वाजता फाटक बंद करतो आमी," चंद्रभागाबाई शेवटच्या पोत्यावर पाणी शिंपडत म्हणाली. चार वाजायला आले होते.